अण्णांची वासना आणि आत्याबाईंचा रुसवा

पत्र जालना जिल्ह्यातून आलंय, घनसावंगी तालुक्यातून. नाव छापू नका अशी विनंती आहे. थोडं आटोपतं करून देते:

"बाई, नमस्कार. माझं माहेर पुण्याचं. लग्न करून इकडं आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी इथली बोली अजून कधी कधी अडते. दहा महिन्यांपूर्वी माझे सासरे वारले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. कुणी बोट दाखवावं असं त्यांनी आयुष्यात काही केलं नाही. 2012 च्या दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग वाळली, तोडावी लागली. 'पुन्हा बाग लावायची' असं ते सारखं म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांचं जेवण तुटलं. आत्याबाई, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण, रोज फोन करून विचारायच्या, 'अन्नावर वासना हाय का गं?' मला वाटायचं, अण्णांना वास येतो का असं विचारतायत. अण्णा झोपेत एवढंच बोलायचे, 'लाइट आली का? मोटर चालू केली का?'

दहावा शहागडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर केला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, खाली येईनात. यजमानांनी हात जोडून सांगितलं, 'अण्णा, बाग लावतो.' दीर म्हणाले, 'सोसायटीचं कर्ज फेडतो.' माझा आठवीतला मुलगाही म्हणाला, 'आजोबा, मी नीट शिकीन.' तरी नाही. तेव्हा आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'माज्या भावाची वासना गुतली बगा कशात तरी.' मला राहवलं नाही. मी म्हणाले, 'आत्याबाई, काहीही काय बोलता? अण्णा तसले नव्हते.' सगळे गप्प. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आत्याबाई न जेवताच निघून गेल्या. तेराव्याला आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. माझा फोन उचलत नाहीत.

यजमान म्हणतात, माफी माग. मी म्हणते, इच्छा म्हणायचं होतं तर इच्छा म्हणायचं. इच्छा आणि वासना एक आहेत का? मुलानं मोबाइलवर शब्द शोधला आणि मलाच विचारलं, 'आजोबांना असं का म्हणाल्या?' त्याला काय सांगू? दोन महिन्यांनी प्रथम पुण्यस्मरण आहे. पत्रिका छापायची आहे, कीर्तन ठेवलंय. आत्याबाई आल्या नाहीत तर भावकी आम्हाला बोलेल."

ताई,

आत्याबाईंचा शब्द बरोबर होता. तुमच्या कानाला तो लागला, त्यातही तुमचा दोष नाही. तुम्ही वाढलात तिथं त्या शब्दाला एकच अर्थ उरला होता. पण पिंडासमोर, चारचौघांत, भाऊ गमावलेल्या म्हातारीला 'काहीही काय बोलता' म्हणालात, ते चुकलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

इच्छा आणि वासना एक नाहीत. तुम्हाला वाटतं, एक सभ्य आणि दुसरा असभ्य. फरक तिथं नाही. आपण हे शब्द कसे वापरतो तेच बघा. इच्छा आपण 'करतो', 'धरतो', 'व्यक्त करतो', 'पूर्ण करतो'. मरणाआधी माणूस इच्छापत्र करून ठेवतो. इच्छाभोजन असतं, इच्छामरण असतं. इच्छेला मालक असतो, तिला काय हवंय ते त्याला ठाऊक असतं आणि तो ते सांगू शकतो. वासना मात्र कुणी 'करत' नाही. ती होते, उरते, गुंतते, अडकते, उडते, मरते. सगळी क्रियापदं अशी, की त्यात माणसाचा हात नाही. 'माझी अशी इच्छा आहे की' असं वाक्य सुरू करून आपण लांबलचक भाषण देऊ शकतो. 'माझी अशी वासना आहे की' असं कुणी म्हणत नाही, आणि ते लाजेपायी नव्हे. जी गोष्ट आपल्याला सांगता येते तिला त्या शब्दाची गरजच नाही.

जेवणाचंच घ्या. 'जेवायची इच्छा नाही' असं रुसलेलं पोरही म्हणतं, उपास धरलेली बाईही म्हणते, लग्नघरी दोनदा जेवून आलेला पाहुणाही म्हणतो. 'अन्नावर वासना नाही' ही वेगळी गोष्ट. तिथं मनाचा काही निर्णय नाही, शरीरानंच अन्नाकडं पाठ फिरवलीय. खेड्यातली म्हातारी माणसं डॉक्टरला हेच शब्द सांगतात, आणि इथला जुना डॉक्टर ते ऐकून सावध होतो. व्याकरणही थोडं बघा: इच्छा बहुतेकदा जेवायची, जायची, बघायची असते, म्हणजे काहीतरी करण्याची. वासना अन्नावर असते, घरावर असते, पोरावर असते. ती वस्तूला चिकटलेली असते. आत्याबाई रोज फोनवर जे विचारत होत्या ते साधं नव्हतं. भाऊ अजून जगण्याला धरून आहे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते तुम्हाला कळलं नाही, याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

हा अर्थ आत्याबाईंच्या घरचा नाही, फार जुना आहे. 'वासना' या शब्दात 'वास' आहे, आणि तो दोन्ही अर्थांनी आहे, दरवळणारा आणि राहणारा. संस्कृत शास्त्रग्रंथांत वासना म्हणजे मनावर मागं राहिलेला ठसा. हिंगाच्या डबीतला हिंग संपला, डबी घासून पालथी घातली, तरी पुढच्या वेळी झाकण उघडलं की हिंग आहेच. तशी ती असते. योगवासिष्ठात तिचे सरळ दोन प्रकार सांगितलेत, शुद्ध आणि मलिन. शब्द मलिन नव्हता, मलिन वासना वेगळी ओळखावी लागायची.

आणि तुम्हाला लांब जायचं कारणच काय? समर्थ रामदासांचं जांब तुमच्याच तालुक्यात आहे. 1608 साली ते तिथं जन्मले. तुमच्या मुलाला शाळेत मनाचे श्लोक पाठ करायला लावले असतील तर त्याला विचारा, 'मना वासना दुष्ट कामा न ये रे' ही ओळ येते का. वासनेतच दुष्टपणा असता तर समर्थांनी 'दुष्ट' वेगळं कशाला लिहिलं असतं? भुजंगप्रयात वृत्त भरून काढायला लिहिलं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मग त्याच श्लोकांतली दुसरी जागा बघा: 'मना वासना चूकवी येरझारा । मना कामना सोडि रे द्रव्यदारा'. वासना इथं कशाशी जोडलीय? येरझाऱ्यांशी, म्हणजे पुन्हा पुन्हा जन्माला येण्याशी. आणि पैसा नि स्त्री? ती कामनेच्या वाट्याला गेलीत! आज मात्र चौकाचौकांतल्या बॅनरवर 'आपल्या सर्व मनोकामना पूर्ण होवोत' असं पुढाऱ्याच्या फोटोखाली लिहिलेलं असतं, त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. वासना शब्द मात्र घाटावर उच्चारला की भांडण होतं. दोन शब्दांनी मधल्या काळात आपापल्या जागा बदलून घेतल्या.

का बदलल्या, याबद्दल माझा अंदाज असा. विषयवासना, कामवासना असे जोडशब्द कीर्तनांत, पोथ्यांत, उपदेशांत इतके घासले गेले की पुढचा अर्धा भाग गळून पडला आणि त्याचा सगळा अर्थ उरलेल्या अर्ध्यावर येऊन बसला. मग वर्तमानपत्रं आली. 'वासनांध', 'वासनेची शिकार' ही त्यांच्या मथळ्यांची आवडती भाषा. शहरात मराठी वाचून वाढलेल्या मुलीला वासना शब्द पहिल्यांदा भेटतो तो अशा मथळ्यात. खेड्यात वाढलेल्या मुलीला तो आजीच्या तोंडून, ताटासमोर भेटतो. गंमत म्हणजे 'विषय' शब्दाचं असं झालं नाही. 'विषयी माणूस' म्हणजे कोण ते आपल्याला कळतं, आणि तरी मराठी विषयात किती मार्क पडले असं आपण मुलाला बिनदिक्कत विचारतो.

तुम्ही मराठवाड्यात राहता म्हणून आणखी एक सांगते. शब्द नेहमी उतरणीलाच लागतात असं नाही. आपला हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा उर्दू, शाळेचीही उर्दू. आमच्याकडच्या जुन्या माणसांना उर्दूतला 'हवस' चांगला माहीत असतो. हिंदी सिनेमा पाहणाऱ्या तुमच्या मुलालाही असेल. तो शब्द कुठं वापरतात ते मी लिहीत नाही. पण तोच शब्द मराठीत येऊन काय झाला? हौस! अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडं. हौसेला मोल नसतं. हौसेनं घर बांधतात, नातवाचं बारसं हौसेनं करतात. जत्रेत हौशे, नवशे, गवशे येतात, त्यात हौशे सगळ्यांत निरुपद्रवी. एकाच मुळाचा शब्द तिकडं हवस राहिला नि इकडं हौस झाला. तुमच्या लग्नात कुणी पाहुणा म्हणाला असेल, 'अण्णांनी फार हौसेनं केलं हो लग्न.' तेव्हा तुम्हाला काही खटकलं नसेल.

आता अण्णांकडं येऊ. बाग पुन्हा लावायची, ही त्यांची इच्छा. ती त्यांनी घरात सगळ्यांना सांगितली होती, म्हणून तुमच्या यजमानांना ती घाटावर बोलता आली. पण झोपेत ते काय बोलत होते? लाइट आली का, मोटर चालू केली का. ती बाग तर कधीच तोडलेली. पाणी द्यायला झाडच नव्हतं. तरी रात्रीच्या लाइटची वाट बघत जागणारा शेतकरी त्यांच्या आत जागाच होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, त्यातलं हे 'वसे' बघा. बहिणीला ठाऊक होतं की भावाची सांगितलेली इच्छा वेगळी नि न सांगितलेली ओढ वेगळी. म्हणून बागेचं वचन देऊनही कावळा शिवेना तेव्हा त्या म्हणाल्या, वासना गुंतलीय. 'इच्छा गुंतलीय' म्हणाल्या असत्या तर मराठी चुकलं असतं.

कावळ्याला हे कळतं का, ते तुम्ही विचारलं नाही, म्हणून मीही त्यात पडत नाही. एवढंच, की घाटावर त्या सकाळी आणखी चार घरचे दहावे असतील तर कावळ्यांची पोटं आधीच भरलेली असतात, आणि पिंडाभोवती माणसांनी कोंडाळं केलं तर भुकेला कावळाही खाली उतरत नाही.

मुलाला काय सांगायचं? लांब प्रवचन नको. आठवीतला मुलगा आहे, त्याला फसवूही नका. त्याला सांगा की मोबाइलनं दाखवलेला अर्थ खरा आहे, पण तो या शब्दाचा आजकालचा आणि अर्धा अर्थ आहे. आजीच्या वयाची माणसं हा शब्द 'जीव अडकणे' या अर्थानं वापरतात. मग त्याला रामदासांची ती येरझाऱ्याची ओळ दाखवा. आणि पुण्यस्मरणाच्या कीर्तनात त्याला पुढं बसवा. महाराज तासाभरात वासना शब्द कितीदा घेतात ते त्याला मोजू द्या. समोर अख्खं गाव बसलेलं असेल, बायका-पोरं असतील, आणि कुणी मान खाली घालणार नाही. 'तेव्हा आई चिडली कारण तिला दुसराच अर्थ माहीत होता' हे वाक्य मात्र तुम्ही स्वतःच्या तोंडानं त्याला सांगा. आत्याआजीबद्दल त्याच्या मनात काही बसलं असेल तर ते तेवढ्यानं निघेल.

आत्याबाईंची गोष्ट अवघड आहे, कारण मला वाटतं त्यांचा राग त्या शब्दावरचा नाहीच. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. घाटावर कुणी काय वचन दिलं ते तुम्ही सगळं लिहिलंय. बाग झाली, सोसायटीचं कर्ज झालं, नातवाचं शिक्षण झालं. 'आत्याबाईंचं माहेर तुटू देणार नाही' असं कुणी म्हणाल्याचं पत्रात नाही. आमच्याकडं दहाव्याला हे वचन बहुतेक घरांत घेतलं जातं. गेलेल्या माणसाचा जीव बहिणीत, लेकीत अडकतो, असं धरूनच चालतात. थोरली बहीण तिथं उभी होती, एकेक जण पुढं येऊन बोलत होता आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं. 'कशात तरी' हा शब्द त्या का बोलल्या असतील? कशात, ते त्यांना माहीत असेल, पण स्वतःच्या तोंडानं 'माझ्यात' कसं म्हणणार? आणि नेमक्या त्याच वेळी घरच्या सुनेनं त्यांना गप्प केलं. भाऊ गेला, आणि आता या दारात आपल्याला बोलायचाही हक्क नाही, एवढं त्यांनी त्यातून घेतलं असेल. माझा तर्क चुकीचाही असू शकेल. तुमच्या यजमानांना विचारून बघा, त्यांना लगेच कळेल.

म्हणून नुसती फोनवर माफी मागून भागणार नाही. तसाही त्या फोन उचलत नाहीत. यजमानांना मुराळी म्हणून पाठवा, पण एकटं नको. तुम्ही बरोबर जा. पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी गाडी पाठवू, असं करू नका. ती पाहुण्यांची रीत झाली. चार दिवस आधी जाऊन त्यांना घेऊन या, कार्य होईपर्यंत त्यांना घरात राहू द्या. जाताना चोळीचा खण न्या. तिथं गेल्यावर शब्दाच्या अर्थावर बोलू नका, मी लिहिलेलं हे उत्तर वाचून तर अजिबात दाखवू नका. 'मला तुमचा शब्द आता कळला' असं सांगणंही टाळा, त्यात पुन्हा तुमचंच शहाणपण दिसतं. पाया पडा आणि म्हणा, 'आत्याबाई, घाटावर मी बोलले ते चुकलं. चला घरी.' त्या चार शब्द बोलतील, कदाचित आठ बोलतील. ऐकून घ्या. यजमानांना मध्ये पडू देऊ नका. नवरा बायकोची बाजू घ्यायला लागला की म्हाताऱ्या माणसांचा राग दुप्पट होतो. त्या पहिल्या फेरीत आल्या नाहीत तर पुन्हा जा. रुसलेल्या बहिणीनं एका बोलावण्यात यावं अशी अपेक्षा कुठल्याच माहेरानं करू नये.

घरी आल्यावर त्यांना बागेच्या जागेवर न्या. मोसंबी लावणार असाल तर खड्डे कुठं घ्यायचे, पाण्याची सोय काय, हे त्यांच्यासमोर बोला. बाग 2012 मध्ये का गेली ते त्यांनी पाहिलंय. ठिबक असेल आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकत असेल तरच लावा, नाहीतर वचनापायी कर्जात जाल आणि दिरांनी फेडलेलं कर्ज पुन्हा घराच्या डोक्यावर बसेल. थोडीच झाडं लावली तरी अण्णांना दिलेलं वचन मोडत नाही.

पत्रिकेचं विचारलंत. मजकुरात 'अण्णांची अखेरची इच्छा' असंच छापा, 'वासना' घालू नका. आत्याबाईंचा शब्द बरोबर असला तरी पत्रिका जालन्यात, संभाजीनगरात, तुमच्या पुण्याच्या माहेरी जाणार, आणि तिथं तो तुमच्यासारखाच वाचला जाईल. शिवाय बाग ही इच्छाच होती. मोटरचं आणि लाइटचं पत्रिकेत कुणी छापत नाही. आणि खाली विनीत म्हणून नावं टाकाल, त्यात तुमचे यजमान, दीर, भावकीतली मंडळी यांच्या आधी आत्याबाईंचं नाव घ्या. छापणारा विचारील, 'लेकीबाळींची नावं खाली टाकायची ना?' त्याला सांगा, वरच.